पाच कप्प्यांचं हृदय

पासवर्ड ही गुप्त ठेवायची गोष्ट असते हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तोवर मी माझा पासवर्ड अकरावी सायन्सच्या फळ्यावर, डाव्या कोपऱ्यात, खडूनं चौकट आखून लिहून ठेवला होता. वर माझं नाव, खाली पासवर्ड, त्याखाली दोन रेघा आणि 'पुसू नये'. अक्षर इतकं सुरेख आलं होतं की मलाही पुसवेना.

हल्ली नातवंडं मला बँकेचा पिन कोणाला सांगू नकोस म्हणून बजावतात, तेव्हा मी निमूट मान हलवते. आजीचा पूर्वेतिहास त्यांना माहीत नाही, तोवर बरं आहे.

तसा त्यामागे विचार होता. कॉम्प्युटरवर नाव कुठं घालायचं, पासवर्ड कुठं घालायचा, हे पोरांना दाखवायचं होतं. खोटं उदाहरण देणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून खरं दिलं. 'आता तुम्ही आपापला वेगळा पासवर्ड ठेवा' हे वाक्य बोलायचं होतं, तेवढ्यात तास संपला. पुढच्या तासाला गणिताचे सर आले. दुसऱ्या शिक्षकाच्या 'पुसू नये'ला हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला अलिखित कायदा. ते बिचारे दिवसेंदिवस चौकटीला वळसा घालून समीकरणं सोडवत राहिले आणि माझा पासवर्ड गणपती येऊन गेले तरी तिथंच राहिला.

मी लातूरला एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते. माहेर नांदेडचं, सासर लातूरचं, आणि उरलेलं आयुष्य या दोन्हींच्या मधल्या एसटीत. भूकंपानंतर लातुरात जो तो म्हणत होता की आता घरावर मजला चढवायचा नाही, आपला पत्राच बरा. लोक कितीतरी दिवस अंगणात झोपले. मग क्लासेस आले. मजल्यावर मजला, त्यावर पत्र्याचा आणखी एक मजला, त्यावर पाण्याची टाकी आणि टाकीला टेकवून पहिल्या आलेल्या पोरांचे हसरे फोटो. जमीन पुन्हा हलली तर काय, हा प्रश्न परीक्षेत येणार नव्हता, म्हणून कोणी विचारला नाही. नांदेडनंही आमचं बघून तेच केलं. त्यामुळे माहेरी गेलं तरी तेच फोटो, फक्त चेहरे वेगळे.

या सगळ्यात आमच्या कॉलेजचं काम काय, तर पोरांची नावं हजेरीपटावर ठेवणं. पोरगं असायचं क्लासमध्ये. आमच्याकडं ते प्रॅक्टिकलपुरतं यायचं आणि बेडकाकडं ज्या नजरेनं बघायचं त्याच नजरेनं आमच्याकडं बघायचं.

त्यातही तालुक्याहून, खेड्यांवरून आलेल्या पोरांचे हाल वेगळे. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेलं पोर अकरावीला येतं आणि विज्ञान एका रात्रीत इंग्रजी होतं. भौतिकशास्त्रात आकडे असतात, गणितात चिन्हं असतात, त्यांना धरून पोर कसंबसं पैलतीराला लागतं. जीवशास्त्रात मात्र पानंच्या पानं इंग्रजी. धरायला काठी नाही की दोरी नाही.

नसरीन अशीच बुडत होती. मुखेडची. दहावीला शाळेत पहिली आलेली. वडील बसस्टँडच्या मागं शिलाईचं दुकान चालवायचे. लातुरात दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहिली होती आणि पावसाळ्यातल्या पहिल्या चाचणीत बाकी सगळं काढून जीवशास्त्रात सपाटून नापास झाली होती. तिचे अब्बा मला भेटायला आले. गळ्यातली मोजपट्टी काढायची विसरून तसेच एसटीत बसले असावेत.

"मॅडम," ते म्हणाले, "पोरगी रोज फोनवर रडून राहिली. मी म्हटलं, रडायचंच असंल तर लातूरला कशाला पाहिजे? मुखेडला काय जागा कमी हाय?"

"थोडा वेळ द्या तिला, भाई."

"दिला की. सहामाहीपर्यंत दिला. एका विषयात बी नापास झाली तर दिवाळीला सामान घेऊन घरी. माझ्या शेजारी मशीन मोकळी हाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला बी बरं वाटत न्हाई, मॅडम. पण कळत बी न्हाई अन् सोडवत बी न्हाई, असं किती दिवस?"

मी त्यांना ठामपणे सांगितलं की नसरीनकडं मी जातीनं लक्ष देईन. तेव्हाची मी फार ठाम असायची. त्या 'मी'ला आत्मविश्वास शासनाकडून अनुदानात मिळाल्यासारखा होता.

त्याच सुमारास आम्हाला एका प्रशिक्षणाला बसवलं. प्रशिक्षण म्हणजे पोहे, चहा, आणि मध्ये एक तरुण मुलगा पडद्यावर चित्रं दाखवतो. हा मुलगा पुण्याकडून आला होता आणि आम्हाला विकी शिकवत होता. विकी म्हणजे काय, हे मी त्याच्यापेक्षा सोपं सांगते. असा फळा समजा, ज्यावर वर्गातला कोणीही येऊन लिहू शकतो आणि दुसऱ्याचं लिहिलेलं कोणीही पुसून सुधारू शकतो. फरक इतकाच की हा फळा सगळं लक्षात ठेवतो. कोणी लिहिलं, कोणी पुसलं, कधी पुसलं, आधी काय होतं. शिवाय प्रत्येक पानाच्या पाठीमागं एक चर्चेचं पान असतं. तिथं शंका विचारायची, भांडायचं. मग पोरांनी मिळून धडा लिहायचा, एकानं चुकायचं, दुसऱ्यानं सुधारायचं, आणि त्यातून सगळ्यांनी शिकायचं.

"मुलं मिळून, एकमेकांना शिकवत शिकतात," तो मुलगा म्हणाला. "असा प्रयोग आपल्यापैकी कोणी केलाय का?"

मी ऐटीत हात खालीच ठेवला. आणि लगेच आठवलं, की प्रयोग झाला होता, माझ्याच डोळ्यांदेखत. भूकंपानंतर आम्हा काही शिक्षकांना काही महिने पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या शाळेवर पाठवलं होतं. पुस्तकं ढिगाऱ्याखाली गेलेली, विज्ञानाचं एकच शिल्लक. पोरांनी ते पुस्तक धड्याधड्यानं फाडून वाटून घेतलं होतं. ज्याच्याकडं जो धडा, त्यानं तो पाठ करून बाकीच्यांना शिकवायचा. मी शेडमध्ये शिरले तेव्हा एक मुलगी पचनसंस्था शिकवत होती आणि बाकीची मांडी घालून ऐकत होती. मी काय केलं? सरकारी पुस्तक फाडलं म्हणून एकेकाच्या हातावर पट्टी मारली, पानं गोळा केली, सुईदोऱ्यानं पुस्तक पुन्हा शिवलं आणि कपाटात बंद केलं. पुढचे सगळे धडे मी एकटीनं मोठ्या आवाजात वाचून दाखवले. पुस्तक आज असतं तर त्याची शिवण अजून घट्ट असती. पोरांना काय आलं, ते विचारू नका.

असो. तर प्रशिक्षणाहून मी पेटून आले. आमच्या संगणक कक्षातल्या यंत्रांवर त्या मुलानं विकी बसवून दिला. इंटरनेट असो नसो, कक्षात चालायचा. वीज मात्र लागायची, आणि ती तेव्हा आमच्याकडं पाहुण्यासारखी यायची. फळ्यावरची ती पासवर्डाची चौकट याच वेळची. मी पोरांना सांगितलं: पाठ्यपुस्तकातलं इंग्रजी वाचायचं आणि विकीवर ते मराठीत, आपल्या भाषेत, मिळून समजावून लिहायचं.

दोन दिवस कोणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, याला मार्क किती?"

लातुरात हा प्रश्न आधी विचारतात. मीच वेंधळी, सांगायचं विसरले. घाईघाईत जाहीर केलं, "केलेल्या प्रत्येक बदलाला एक मार्क. विकी सगळं मोजतो."

झालं. दुसऱ्या दिवसापासून कक्षाबाहेर चपलांचा ढीग. आत बूट-चपला न्यायच्या नाहीत असा नियम होता. त्या ढिगाकडं बघून माझा ऊर भरून यायचा. बदलांचे आकडे रोज वाढत होते. मी प्राचार्यांना सांगितलं, प्राचार्यांनी वर सांगितलं, आणि एके दिवशी तपासणीला आलेल्या साहेबांना आमचा विकी बघायला आणण्यात आलं. वर्ग खचाखच. मी मोठ्या दिमाखात 'मानवी हृदय' हे पान पडद्यावर लावलं.

साहेबांनी चष्मा सारखा केला. "मॅडम, इथं लिहिलंय की मानवी हृदयाला पाच कप्पे असतात."

"चार, सर. मुलं सुधारतील. हेच तर विकीचं वैशिष्ट्य," असं म्हणून मी बदलांचा इतिहास उघडला. तो उघडायला नको होता. एका पोरानं चाराचे तीन केले होते, दुसऱ्यानं तिनाचे चार. पहिल्यानं परत तीन, दुसऱ्यानं परत चार. असं पडदाभर. प्रत्येक वेळी दोघांना एकेक मार्क. कोणीतरी कंटाळून पाच केले होते. चूक करणारा आणि सुधारणारा यांच्यात इतका सलोखा मी घरातही पाहिला नव्हता.

"हा पाचवा कप्पा कशासाठी असतो?" साहेबांनी विचारलं.

मागून उत्तर आलं, "पाहुण्यांसाठी, सर!"

साहेबसुद्धा हसले. प्राचार्य हसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं, "मॅडम, मार्क बंद." मी मार्क बंद केले आणि त्याच दिवशी चपलांचा ढीगही बंद झाला. वर्गातली पोरं मला 'पाच कप्पे' म्हणू लागली. मी शिकवायला उभी राहिले की कोणीतरी छातीवर हात ठेवून पाहुण्यांना आत बोलवायचं. मला त्या विकीचं नाव नकोसं झालं. कक्षाकडं जाणंच मी सोडलं. नसरीनकडं जातीनं लक्ष देण्याचं वचन? तेही पाचव्या कप्प्यात गेलं.

पंधरवडा गेला असेल. एक दिवस तास संपल्यावर नसरीन टेबलाशी आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मॅडम, थँक्यू. एसटी डेपोचं तुम्ही लिहिलंत ना, ते लई भारी समजलं."

कुठली एसटी, कसला डेपो, मला काही पत्ता नव्हता. शहाणी बाई म्हणाली असती, 'कशाबद्दल बोलतेस?' मी म्हणाले, "हो हो. खास तुझ्यासाठीच लिहिलं." इतक्या दिवसांनी कोणीतरी आभार मानत होतं. सोडवेना.

ती गेल्यावर मी जवळजवळ पळतच संगणक कक्ष गाठला, काय लिहिलंय मी ते बघायला.

'मानवी हृदय'च्या मागच्या चर्चेच्या पानावर नसरीननं विचारलं होतं: रक्त हृदयातून फुफ्फुसात जातं आणि परत हृदयातच येतं. मग एका खेपेत थेट अंगभर का जात नाही? दोनदा कशाला यायचं?

खाली उत्तर होतं. उत्तर देणाऱ्याच्या जागी माझं पूर्ण नाव. 'हृदय म्हणजे एसटी डेपो समज. गावोगाव फिरून आलेल्या गाड्यांतलं डिझेल संपत आलेलं असतं. त्या उजव्या गेटनं आत येतात. डेपो त्यांना पंपावर पाठवतो. पंप म्हणजे फुफ्फुस. तिथं टाकी भरून त्या डाव्या गेटनं परत डेपोत येतात आणि मगच गावांना सुटतात. पंपावर हळू जायचं असतं, गावांना जोरात, म्हणून दोनदा ढकलावं लागतं. मध्ये भिंत असते, म्हणून भरलेल्या आणि रिकाम्या गाड्या एकमेकींत शिरत नाहीत.'

त्याखाली नसरीनचा पुढचा प्रश्न: 'भिंतीला भोक पडलं तर?'

आणि माझं उत्तर: 'मग टाकी भरलेल्या काही गाड्या भोकातून उजवीकडं जाऊन पुन्हा पंपावरच चकरा मारतील. डेपो राबून राबून थकेल आणि गावाकडं गाड्या कमी पोचतील. काही बाळांना जन्मतः असं भोक असतं.'

असे पुष्कळ प्रश्न आणि पुष्कळ उत्तरं. सगळी माझी. वाचता वाचता मला मत्सर वाटायला लागला, आणि तोही स्वतःचाच. इतकं चांगलं मी कधीपासून शिकवायला लागले?

उपाय सोपा होता, पासवर्ड बदलायचा. पण तसं केलं असतं तर उत्तरं थांबली असती, आणि खरं सांगायचं तर पुढं काय लिहिते मी, हे मलाही वाचायचं होतं. मध्ये भाचीच्या लग्नाला नांदेडला गेले. परत येऊन बघते तर काय, मी तिकडं पंगतीत बसून जिलेबीला नाही म्हणत होते, त्या दुपारी इकडं लातूरला मी किडनी समजावत होते.

पुढच्या आठवड्यात खेळाच्या तासाला मी कक्षाकडं सहज चक्कर मारली. बाहेर एकच जोड होता. पांढरे, महागाचे, खेळाचे बूट. आता खेळाचे बूट खेळाच्या तासाला मैदानावर असायला हवेत. मी चपला काढल्या आणि आत गेले.

आत निखिल होता. वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा, एका मोठ्या क्लासच्या स्पेशल बॅचमधला. पुढंमागं टाकीला टेकवलेल्या फोटोंत हा असणार हे सगळं गाव धरून चाललं होतं. आमच्या तासाला तो खिडकीबाहेर बघायचा.

"निखिल, मैदानावर खो-खो चाललाय."

"हो मॅडम."

"आणि तू इथं मी होऊन बसलायस."

तो ताडकन उभा राहिला. "पप्पांना सांगू नका, मॅडम. क्लासच्या सरांना तर अजिबातच नको. बॅचमधून काढतात."

"कशाबद्दल? समजावून सांगितल्याबद्दल?"

"तिथलं बाहेर काही द्यायचं नाही असा नियम आहे. दुसऱ्याला समजलं की आपली रँक जाते म्हणतात."

"मग तू कशाला देतोस?"

त्यानं पडद्यावरच्या चर्चेच्या पानाकडं बोट दाखवलं. "क्लासमध्ये दोनशे पोरं बसतात. फक्त ऐकायचं असतं. मला समजलंय का नाही, ते मलाच कळत नाही. हिचे प्रश्न वाचले की कळतं." मग एकदम तक्रारीच्या सुरात, "लई वंगाळ प्रश्न विचारते ती, मॅडम! त्या भोकावर मी दोन दिवस अडकलो होतो."

"आणि माझंच नाव कशाला?"

"फळ्यावर होतं ना," तो निरागसपणे म्हणाला. "पुसू नये लिहिलंय."

मी म्हणाले, "बरं, चालू दे. फक्त शुद्धलेखन बघ. अब्रू माझी आहे."

त्यानंतर आमचा धंदा जोरात चालला. निखिल माझ्या नावानं लिहायचा, मी ते वाचून वर्गात शिकवायची. एसटी डेपो फळ्यावर काढला तेव्हा पोरं पहिल्यांदा गप्प बसली. हळूहळू मराठी शाळांतून आलेली पोरं कक्षात परतली, यावेळी मार्कांशिवाय. भोकरच्या एका मुलानं निखिलचा, म्हणजे माझा, श्वसनाचा खुलासा खोडून आणखी सोपा लिहिला. धर्माबादच्या मुलीनं बाजारातल्या मिरचीच्या ढिगाशेजारी शिंका का येतात, ते लिहिलं. नसरीन आता प्रश्नांबरोबर उत्तरंही लिहायला लागली होती. पुण्याच्या त्या मुलानं पडद्यावर दाखवलेलं सगळं घडत होतं आणि त्यात माझं योगदान एवढंच होतं, की मी एक पासवर्ड पुसला नव्हता.

सहामाही आठ-दहा दिवसांवर आली आणि मला प्राचार्यांचं बोलावणं आलं. केबिनमध्ये त्या मोठ्या क्लासचे सर बसले होते. खिशाला तीन पेनं, हातात आमच्या विकीच्या, कोणीतरी नेऊन दिलेल्या छापील प्रती, त्यावर पिवळ्या खुणा.

"मॅडम, हे वाक्य तुमच्या नावावर आहे. 'उजव्या हाताला तीन अंगठ्या, डाव्याला दोन.' हृदयाच्या उजव्या झडपेला तीन पाकळ्या आणि डावीला दोन, हे लक्षात ठेवायची ही ट्रिक माझी आहे. माझ्या नोट्समधली."

"झडपा तुमच्या आधीपासून आहेत ना, सर?"

"झडपा असतील. अंगठ्या माझ्या आहेत."

"मॅडम, विनोद नको," प्राचार्य कपाळ पुसत म्हणाले. क्लासवाले सांगतील त्या कॉलेजात पोरं प्रवेश घेत असत. प्राचार्यांच्या कपाळावरचा घाम त्याच हिशोबातला होता.

"मला माफीशी घेणं नाही," क्लासचे सर म्हणाले. "कोणत्या पोरानं या नोट्स बाहेर दिल्या त्याचं नाव सांगा. त्याला मी आजच्या आज बॅचमधून काढतो. आणि हे जे काय तुमचं चाललंय, ते बंद करा. आजच."

आज बंद म्हणजे सहामाहीच्या तोंडावर बंद. नसरीनचं उत्सर्जन संस्थेचं निम्मं पान व्हायचं होतं, आणि मुखेडला मशीन मोकळी होती.

"कोणत्याच पोरानं दिलं नाही," मी म्हणाले. "मी चोरलं."

"मॅडम!" प्राचार्य.

"कुठून?" क्लासचे सर.

क्लासखालच्या झेरॉक्सच्या दुकानाची पायरी मी कधी चढले नव्हते, पण तिथं नोट्स मिळतात हे गावात सगळ्यांना माहीत होतं. "तुमच्या क्लासखालच्या झेरॉक्सवाल्याकडून. मागितलं की देतो. स्पायरल बाइंडिंग करून हवं का, असंही विचारतो."

क्लासच्या सरांनी हातातल्या प्रती उलट्या करून टेबलावर ठेवल्या. झेरॉक्सचं दुकान त्यांच्या सख्ख्या मेहुण्याचं होतं, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी आणखी सावकाश, चवीनं बोलले असते.

ते म्हणाले, "मग माफी तरी मागा. पोरांसमोर."

"मागते. उद्या, भर वर्गात. पण विकी सहामाही संपेपर्यंत चालू राहील. नाहीतर मी ज्याच्याकडून झेरॉक्स घेतली त्याचंही नाव भर वर्गात घेईन."

प्राचार्यांनी क्लासच्या सरांकडं बघितलं, सरांनी छताकडं. सौदा पटला.

दुसऱ्या दिवशी, इतकी वर्षं कॉपी करू नका म्हणून पोरांच्या डोक्यात खडू मारणारी मी, वर्गापुढं उभी राहून म्हणाले, "अंगठ्यांचं वाक्य मी दुसऱ्याच्या नोट्समधून न विचारता घेतलं. ती चोरी आहे. मला माफ करा." क्लासचे सर दाराशी हाताची घडी घालून उभे होते. वर्गात कोणी हसलं नाही, छातीवर कोणी हात ठेवला नाही. निखिल वहीत मान घालून बसला होता. कान एवढे लाल की मला भीती वाटली, त्यावरूनच क्लासच्या सरांना कळेल. सुदैवानं त्यांना पोरांचे कान बघायची सवय नव्हती.

माफी मागताना मला आतून एवढी लाज वाटेल, असं वाटलं नव्हतं. खोटी चोरी कबूल करतानाही तोंड खरंच कोरडं पडतं. शेडमधल्या त्या पोरांना पट्टी मारताना मला असं काही झालं नव्हतं.

सहामाही झाली. ठरल्याप्रमाणं विकी बंद केला. त्याची प्रत कुठं काढून ठेवायची अक्कल मला तेव्हा नव्हती. पुढं ती यंत्रं भंगारात गेली आणि त्यांच्याबरोबर डेपो, पंप, मिरची आणि भिंतीचं भोक, सगळंच गेलं. शिक्षकांनी दिवाळी अंकात लिहायचं ते आपला विद्यार्थी पुढं कोण मोठा झाला हे, असा दंडक आहे. मी तो मोडते. त्या पोरांचं पुढं काय झालं, ते त्यांचं त्यांना सांगू दे. माझ्या हातचं तेवढंच होतं.

जीवशास्त्राचे पेपर मीच तपासले. नसरीनचा गठ्ठ्यातून काढून आधी तपासला, मग परत गठ्ठ्यात खुपसला, मग क्रमानं आला तेव्हा पुन्हा तपासला. पास होती. काठावर नव्हे, काठापासून चांगली आत. इंग्रजी मोडकं होतं, पण रक्त प्रत्येक वेळी बरोबर गेटनं आत शिरत होतं.

सुट्टी लागली त्या दिवशी तिचे अब्बा तिला न्यायला आले. निकाल मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी एकेका विषयावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"सगळ्यात पास?"

"सगळ्यात."

"मग बोलायचं कामच न्हाई," ते म्हणाले. "दिवाळी झाली की आणून सोडतो. मशीनवर तिच्या चाचीला बसवतो." आणि मुखेडची गाडी लागली का बघायला भराभर पुढं निघून गेले. मला वाटतं, त्यांना डोळे पुसायचे होते.

नसरीन बॅग घेऊन मागं थांबली. मला त्या आभारांचं ओझं झालं होतं. निखिलचं नाव न घेता जेवढं सांगता येईल तेवढं सांगायचं मी ठरवलं.

"नसरीन, तो एसटी डेपो मी लिहिला नव्हता गं. त्यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं."

"मला माहीत हाय, मॅडम. पहिल्याच दिवशी कळलं," ती म्हणाली. "तुमचं मला एका वाचनात कधी समजलंय का?"

"मग त्या दिवशी आभार कशाला मानलेस माझे?"

तिनं बॅग एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि म्हणाली, "तुम्ही कॉम्प्युटर लॅबला यायचंच सोडून दिलं होतं ना, मॅडम. म्हटलं, आभार मानले तर आपण काय लिहिलंय ते बघायला तरी येतील."